पावसाळ्यांतील मुंबई आणि गरीब विद्यार्थ्याचें छप्पर

गेल्या आषाढांतील गोष्ट आहे. आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय-समितीनें असा एक ठराव केला कीं, ओल्या कपड्यांनिशीं किंवा ओली पिशवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्यास वाचनालयांत प्रवेश देऊं नये. ठराव अगदींच निष्कारण नव्हता. दमट हवेनें दोन कपाटांच्या फळ्या फुगल्या होत्या, फरशीवर पाण्याचीं थारोळीं सांचत, आणि एका जुन्या कोशाच्या पहिल्या खंडावर कोणाच्या तरी छत्रीचें पाणी गळून त्याचीं पानें एकमेकांस चिकटलीं होतीं. समितीच्या सभासदांत आम्हीहि आहों, आणि ठरावाखालीं आमची सही आहे. ठराव फळ्यावर लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशीं सकाळीं वाचनालयाच्या दाराशीं एक मुलगा उभा होता. विजार गुडघ्यांपर्यंत चिंब, पायांत रबरी चपला, वह्या मात्र दुधाच्या रिकाम्या पिशव्या कापून केलेल्या वेष्टनांत नीट बांधलेल्या. शिपायानें त्यास अडविलें होतें. आम्हांस पाहून तो अदबीनें म्हणाला, "सर, वाळल्यावर येऊं का?"

"हो, वाळल्यावर ये," असें म्हणून आम्ही आंत गेलों. पुस्तक उघडून बसलों तेव्हां मात्र त्या प्रश्नानें आमचा पिच्छा पुरविला. त्यानें वाळावें कोठें? बाहेर धारा लागलेल्या होत्या, व्हरांड्यांत पावसाचे सपकारे येत होते, आणि ज्या एका दालनांत पंखे होते त्या दालनाचें दार आम्हींच सही करून त्याच्यापुढें लावलें होतें. दुपारीं आम्ही बाहेर आलों तेव्हां मुलगा निघून गेला होता. इतिहास हा आमचा व्यवसाय असल्यामुळें, आज जी अडचण पुढें येते ती काल कशी होती हें पाहिल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. तेव्हां पुढले कांहीं दिवस आम्ही एकच विचार करीत होतों: ज्या शहरांत वर्षांतील चार महिने आकाश गळतें, त्या शहरांत पैसा जवळ नसलेला विद्यार्थी गेलीं पावणेदोनशें वर्षें कोठें बसला, कोठें वाळला आणि कोठें वाचीत राहिला? त्या विचारांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुंबईचें शैक्षणिक वर्ष आणि मुंबईचा पाऊस हीं जुळीं भावंडें आहेत. मृगाचें पहिलें पाणी पडतें आणि शाळा-महाविद्यालयें उघडतात. बाहेरगांवचा मुलगा पत्र्याची पेटी व वळकटी घेऊन जूनमध्यें येथें उतरतो, तेव्हां त्याला मुंबई प्रथम दिसते ती पावसाच्या पडद्यामागून. हा पाऊस कांहीं लहानसहान नव्हे. कुलाब्यास वर्षाकाठीं ८० इंचांहून अधिक पाऊस पडतो. ज्या लंडनच्या ओल्या हवेचीं वर्णनें इंग्रजी पुस्तकांत आपण वाचतों, त्या लंडनच्या वांट्यास याचा तिसरा हिस्साहि येत नाहीं. लंडनचा पाऊस वर्षभर रिमझिमत असतो. आमचा पाऊस चार महिन्यांत सारा हिशोब पुरा करून मोकळा होतो. पाऊस मोजणें आणि मुलांस शिकविणें हीं कामें एके काळीं या शहरांत एकाच हातीं होतीं, ही मौजेची गोष्ट येथें नमूद करण्यासारखी आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. एल्फिन्स्टन कॉलेजांत गणित व ज्योतिष शिकविणारे प्रो. ऑर्लेबार यांच्याकडे तिचा कारभार होता, आणि पुढें गणिती म्हणून नांवाजलेले केरो लक्ष्मण छत्रे हे विद्यार्थिदशा संपते न संपते तोंच त्यांच्या हाताखालीं तेथें कामास लागले. गरीब बुद्धिमान मुलास मुंबईच्या पावसानें दिलेली पहिली नोकरी ती हीच असावी!

परंतु बहुतेकांस पावसानें नोकरी दिली नाहीं. अडविलें मात्र खरें. कोंकणांतून मुंबईस येण्याचा जुना मार्ग समुद्राचा. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं बंदरें बंद होत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतें किनाऱ्यावर ओढून ठेवीत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८५३ सालीं रत्नागिरीची शाळा संपवून एल्फिन्स्टनमध्यें आले, महादेव गोविंद रानडे त्यानंतर थोड्याच वर्षांनीं कोल्हापुराहून आले. बोरघाटांतून आगगाडी १८६३ त सुरू झाली, म्हणजे दोघांचें बहुतेक शिक्षण तोंवर संपलें होतें. अशा मुलांनीं एकदां मुंबईंत पाय ठेवला म्हणजे पावसाळा संपेपर्यंत घरचें तोंड दिसत नसे, घरचे तांदूळ-कुळीथ येत नसत, आणि आजारी पडलें तरी आईकडे जाण्यास वाट नसे. भांडारकर व रानडे हे दोघेहि १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेंत उत्तीर्ण झाले आणि १८६२ त मुंबई विश्वविद्यालयाचे जे पहिले चार पदवीधर निघाले त्यांतहि ते दोघे होते. हें आपण शाळेच्या पुस्तकांतून शिकतों. त्या पदवीपूर्वीं त्यांनीं किती श्रावण घरापासून दूर काढले, हें कोणत्याहि पुस्तकांत मोजलेलें नसतें.

पाऊस हा गरिबावर बसविलेला एक कर आहे. श्रीमंताच्या पावसाळ्यांत व उन्हाळ्यांत अंतर पडतें तें गाडीच्या कांचा वर करण्यापुरतें. गरिबाला त्याच चार महिन्यांत छत्री लागते, अधिक एक जोडी कपडे लागतात, औषध लागतें, आणि जो मैल एरवीं पायीं फुकट तुडवितां येतो त्यासाठीं भाडें मोजावें लागतें. गरीब विद्यार्थ्यांच्या ज्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या मुलांस सांगत आलों, त्या या दृष्टीनें एकदां तपासून पाहाव्या. गोपाळ गणेश आगरकर यांच्यापाशीं एकच सदरा होता, तो ते रात्रीं धुवून वाळत घालीत व सकाळीं तोच अंगांत घालीत, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. गोष्ट पुण्याची आहे, आणि पुण्यांत ती शोभते. मुंबईंत जुलै महिन्यांत रात्रीं धुतलेला सदरा सकाळीं वाळत नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो नुसता कुबट होतो. म्हणून मुंबईंत त्याच गरिबीस दोन सदरे लागतात. तीच गत रस्त्यावरील दिव्याखालीं अभ्यास करण्याची. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम लागले ते १८६५ च्या ऑक्टोबरांत, म्हणजे पाऊस सरल्यावर. त्या दिव्यांच्या उजेडांत पुस्तक वाचणें आठ महिने साधत असेल. उरलेल्या चार महिन्यांत दिवा सरकारी असून भागत नाहीं, डोक्यावर छप्परहि कोणाचें तरी असावें लागतें.

तें छप्पर कोणाचें? पहिलें उत्तर चाळीचें. पुण्यांतील गरीब मुलगा माधुकरी मागे किंवा सात घरीं सात वार लावून जेवी. मुंबई हें व्यापाराचें शहर. येथें वारांपेक्षां शिकवणी व खानावळ यांवर विद्यार्थ्याचा संसार चाले. चार मुलांनीं मिळून गिरगांवांत एक खोली घ्यावी, दोघांनीं सकाळीं शिकवण्या कराव्या, दोघांनीं संध्याकाळीं कराव्या, आणि रात्रीं एकाच दिव्याभोंवतीं चारी डोकीं जमावीं, हा परिपाठ. धोंडो केशव कर्वे यांचें विद्यार्थिजीवन असेंच गेलें. मुरुडच्या या मुलानें ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर परीक्षेसाठीं साताऱ्यापर्यंतची शंभरावर मैलांची वाट पायीं तुडविली होती, आणि वयानें लहान दिसतो म्हणून त्यास तेथून परत पाठविण्यांत आलें होतें. पुढें मुंबईंत येऊन त्यांनीं १८८१ त मॅट्रिक व १८८४ त बी. ए. ची परीक्षा दिली. प्रथम विल्सन व नंतर एल्फिन्स्टन कॉलेज, आणि जोडीला शिकवण्या.

या भागीदारीच्या बिऱ्हाडांतून एक अनपेक्षित गोष्ट घडून आली. कर्व्यांचे मित्र व बिऱ्हाडकरू नरहरपंत जोशी यांनीं आपली विधवा बहीण गोदूबाई हिला मुंबईस आणलें. त्याच सुमारास, १८८९ च्या मार्चमध्यें, पंडिता रमाबाईंनीं चौपाटीनजीक शारदासदन उघडलें, आणि गोदूबाई तेथें शिकूं लागल्या. शारदासदनांतील पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. १८९३ त कर्व्यांनीं त्यांच्याशीं पुनर्विवाह केला, आणि त्या पुढें आनंदीबाई या नांवानें महाराष्ट्रास परिचित झाल्या. पुरुष विद्यार्थ्यास छप्पर नसलें तरी त्याला निदान गॅलरींत पथारी टाकतां येई, देवळाच्या ओसरीवर पावसाची सर काढतां येई. स्त्रीला तितकेंहि मोकळें नव्हतें. तिच्या शिक्षणाला पुस्तकाआधीं घर लागलें. शारदासदनाच्या नांवांत शाळा हा शब्द नाहीं, सदन हा शब्द आहे. त्यांतील मर्म ज्यानें पावसांत आडोसा शोधला आहे त्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

आमचा स्वतःचा अनुभव याहून फार निराळा नाहीं. १९८८ च्या जूनमध्यें आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांतून एस्. टी. च्या गाडीनें मुंबईस आलों. आईच्या नात्यांतील एका मामांच्या गिरगांवांतील चाळींत गॅलरीचा एक कोपरा आम्हांस मिळाला. गॅलरीस बाहेरून ताडपत्री बांधलेली असे. वाऱ्याची दिशा पालटली कीं ताडपत्री फडफडे आणि आम्ही उशाखालचीं पुस्तकें छातीवर घेऊन भिंतीस टेंकून बसूं. खोलींत दांडीवर सहा माणसांचे ओले कपडे. त्यांखालून वांकून मोरीकडे जावें लागे. मामींनीं कधीं तोंडानें अवघड शब्द काढला नाहीं. पण दोन माणसांच्या खोलींत सातवें माणूस दिवसभर बसून राहिलें तर घरच्या माणसांनीं वावरावें कसें, हें आम्हांस कळत होतें. म्हणून आम्ही सकाळीं सातास बाहेर पडत असूं तें रात्रीं जेवणवेळेस परतत असूं. मधल्या वेळीं महाविद्यालयाचे तास चार. उरलेला सारा दिवस मुंबईचा, आणि मुंबई पावसाची. हें शहर आम्ही हौसेनें पाहिलेलें नाहीं. कोरड्या जागा शोधतां शोधतां तें आम्हांस माहीत झालें.

हें शोधतां शोधतां एक गोष्ट ध्यानीं आली ती अशी, कीं मुंबईच्या कोटांतून थोडी युक्ति केली तर भर पावसांतहि फारसें न भिजतां पुष्कळ लांब जातां येतें. बोरीबंदराचें स्टेशन १८८७-८८ सालचें. त्याच्या घुमटाखालीं कितीहि वेळ उभें राहिलें तरी कोणी हटकीत नसे. तेथून दक्षिणेकडे जाणाऱ्या जुन्या हॉर्नबी रस्त्यावर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, इमारतींच्या तळमजल्यापुढें कमानींची सलग पडवी आहे. ही कोणा एका धन्याची हौस नव्हे. रस्त्यालगतच्या इमारतींनीं पादचाऱ्यांसाठीं अशी पडवी ठेवली पाहिजे असा नियमच १८९६ सालीं झाला. ज्या अधिकाऱ्यानें तो नियम लिहिला त्याच्या मनांत गरीब विद्यार्थी असेल असें वाटत नाहीं. परंतु शंभर वर्षांनंतर एक मुलगा त्या कमानींखालून पुस्तकें कोरडीं ठेवून चालत गेला, आणि वाटेंत पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत त्यास निम्म्याहून कमी किंमतींत ग्रीसचा इतिहास मिळाला.

पडवी संपते तेथून पुढें हुतात्मा चौक ओलांडला कीं विश्वविद्यालय. येथें १८६० नंतरच्या दशकांत मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्यांत आले, म्हणून एवढें मैदान मोकळें झालें. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस बंद झाला, आणि १८६१ ते १८६५ या चार वर्षांत मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. त्या तेजींत प्रेमचंद रायचंद यांनीं विश्वविद्यालयास ग्रंथालयासाठीं दोन लाख व आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नांवें मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले. १८६५ त युद्ध संपलें, भाव कोसळले, प्रेमचंदांसह अनेकांचें दिवाळें वाजलें. देणगीची इमारत मात्र उठत राहिली आणि १८७८ त २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. नकाशा करणारे गिल्बर्ट स्कॉट मुंबईस कधीं आलेहि नाहींत; तरी त्यांनीं इंग्लंडांत बसून काढलेल्या या इमारतीचा व्हरांडा मुंबईच्या पावसास पुरून उरतो. मनोऱ्याखालच्या त्या ग्रंथालयांत रंगीत कांचांच्या खिडकीजवळ बसून आम्हीं एक सबंध पावसाळा काढला. बाहेर मैदान पाण्यानें भरलेलें, आंत पानें उलटल्याचा आवाज, आणि दर पंधरा मिनिटांनीं वर घड्याळाचे टोले. कोण्या कापूसवाल्याच्या तेजीमंदीवर आपण बसलों आहों, हें तेव्हां आमच्या मनांतहि आलें नाहीं.

तेथून काळा घोडा हाकेच्या अंतरावर. डेव्हिड ससून यांच्या नांवाच्या वाचनालयाची दगडी इमारत १८७० ची. वरच्या मजल्यावरील लांब आरामखुर्च्यांवर पाय पसरून पाऊस पाहावा, एवढें सुख मुंबईंत दुसरें नाहीं. समोर वस्तुसंग्रहालय, १९२२ त तें लोकांस खुलें झालें, आणि विद्यार्थ्यांस तेथें सवलतीचें तिकीट असे. एका पावसाळ्यांत तेथील मूर्तींच्या दालनांत आम्ही इतके वेळां गेलों कीं राखणदार आम्हांस नांवानें हांक मारूं लागला. शेजारचें जहांगीर कलादालन १९५२ चें. तेथें तर प्रवेशास पैसाहि लागत नाहीं. उलट्या दिशेस टाउन हॉल, १८३३ सालचा, आणि त्यांत एशियाटिक सोसायटीचा ग्रंथसंग्रह. त्याच्या रुंद पायऱ्यांच्या माथ्यावर खांबांची ओळ आहे, आणि तिच्याआड उभें राहून सबंध एक सर काढतां येते. मराठी पुस्तक हवें असल्यास १८९८ त स्थापन झालेलें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. इतिहासाच्या व्याख्यानांत जीं नांवें व सालें आम्हीं पुढें मुलांस सांगितलीं, तीं आम्ही अशीं शिकलों: प्रथम छप्पर म्हणून, आणि मग इतिहास म्हणून.

आतां येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. हीं छपरें ज्या पैशांतून उभीं राहिलीं तो सारा निर्मळ नव्हता. अमेरिकेंतील युद्धामुळें चढलेला कापूस, चीनला जाणारी अफू, सट्टा, गिरण्या. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकांतील दातृत्वाचा उगम शोधीत गेल्यास हीं गांवें वाटेंत लागतातच. प्रेमचंदांच्या तेजीच्या मागोमाग किती कुटुंबें धुळीस मिळालीं त्याचा मनोरा कोणीं बांधला नाहीं. पावसांत उभ्या असलेल्या मुलानें छपराची वंशावळ विचारावी अशी अपेक्षा आम्ही करीत नाहीं. पण तोच मुलगा पुढें इतिहासाचा अध्यापक झाला म्हणजे त्यानें ती विचारली पाहिजे, आणि उत्तर कडू असलें तरी ऋण नाकारतां कामा नये.

याहून कडू प्रश्न दुसरा आहे: हीं छपरें सर्वांस खुलीं होतीं काय? भांडारकर व रानडे यांस दक्षिणा-फेलोंच्या वेतनाचा आधार मिळाला. ही दक्षिणा म्हणजे पेशव्यांच्या दरबारांत विद्वान ब्राह्मणांस वांटली जाणारी देणगी. इंग्रजी अमलांत तिचा कांहीं भाग नव्या शिक्षणाकडे वळविण्यांत आला. वार, माधुकरी, ओसरी, नातेवाइकाची गॅलरी, या सर्व जुन्या आधारांच्या दारावर जात लिहिलेली होती. ज्याची जात त्या दारावर नव्हती त्यानें पावसांत कोठें जावें?

या प्रश्नाचें उत्तर परळच्या एका चाळींत मिळतें. सातारा सोडून मुंबईस आलेल्या सुभेदार रामजी आंबेडकरांचें सारें कुटुंब एका खोलींत राहत असे. त्याच खोलींत चूल, त्याच खोलींत सामान, त्याच खोलींत निजणें. भीमराव रात्रीं लवकर निजत; पहांटे दोन वाजतां वडील त्यांस उठवीत आणि मग त्याच जागीं स्वतः आडवे होत; आणि मुलगा रॉकेलच्या दिव्यापुढें वाचीत बसे. एका माणसाच्या अंथरुणाची जागा हीच त्या घराची अभ्यासिका होती, आणि तीहि दोघांत वांटून घेतलेली. दिवसां शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत. तेथें कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाची नजर त्यांच्यावर पडली. १९०७ त भीमराव मॅट्रिक झाले तेव्हां केळुसकरांनीं त्यांस आपण लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें, आणि पुढें त्यांच्याच खटपटीनें सयाजीराव गायकवाडांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. एल्फिन्स्टनमध्यें प्रो. म्यूलर यांनीं पुस्तकें दिलीं, कपडेहि दिले. पण त्याच कॉलेजांतील उपाहारगृहाच्या चालकानें या विद्यार्थ्यास चहा दिला नाहीं, पाणीहि दिलें नाहीं. ही कथा आपण मुलांस नेहमीं चिकाटीचा धडा म्हणून सांगतों. आम्हांस ती वाचतांना हल्लीं एक साधी गोष्ट खुपते. बागेस छप्पर नसतें. जो मुलगा बागेंत वाचतो त्यास पाऊस आला कीं पुस्तक मिटून उठावें लागतें. आणि उठून जावयाचें तें अशा खोलीकडे, जेथें रात्रीं दोन वाजेपर्यंत त्याच्या पुस्तकास जागा नाहीं.

पुढें लंडनमध्यें आंबेडकर ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनगृहांत दार उघडण्याच्या वेळीं जात आणि तें मिटेपर्यंत बसत. तेथें तिकीट होतें, जागा होती, दिवा होता. आणि त्याचें स्मरण त्यांनीं कसें ठेविलें तें पाहा. १९४५ त त्यांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि १९४६ च्या २० जूनला मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज उघडलें. ऐन पावसाच्या तोंडावर. दिवसां नोकरी करणाऱ्या गरीब मुलांस शिकतां यावें म्हणून तेथें सकाळचे वर्ग ठेवण्यांत आले. बागेंतून उठून गेलेल्या मुलानें चाळीस वर्षांनीं शहरास एक छप्पर दिलें, आणि त्याचें दार किती वाजतां उघडावें हें गरिबाच्या दिवसाकडे पाहून ठरविलें. मुंबईच्या देणग्यांच्या सबंध इतिहासांत आम्हांस ही गोष्ट सर्वांत शिकण्यासारखी वाटते. इमारत पुष्कळांनीं दिली. दार कोणत्या वेळीं आणि कोणासाठीं उघडें असावें याचा विचार फार थोड्यांनीं केला.

आतां आमच्या ठरावाकडे वळूं. २६ जुलै २००५ चा दिवस कोणताहि मुंबईकर विसरणार नाहीं. सांताक्रूझच्या वेधशाळेंत २४ तासांत ९४४ मिलिमीटर, म्हणजे ३७ इंच पाऊस मोजला गेला. त्याच दिवशीं कुलाब्यास पडला जेमतेम ३ इंच. त्या संध्याकाळीं आम्ही कोटांत होतों, आणि उपनगरांतून बातम्या येईपर्यंत जगबुडी होत आहे हें आम्हांस समजलेंहि नाहीं. या आंकड्यांत आम्हांस आतां निराळा अर्थ दिसतो. रानड्यांच्या काळीं गरीब विद्यार्थी व त्याचें कॉलेज एकाच पावसांत भिजत. आज गिरगांवांतील गॅलरीचा कोपराहि गरिबास परवडत नाहीं. तो विरार, दिवा, कळवा, मुंब्रा येथें राहतो. पहांटेच्या गाडीच्या दारांत लोंबकळत दीड तास येतो. पाऊस त्याच्या घरावर, त्याच्या रुळांवर, त्याच्या वाटेवर पडतो, आणि महाविद्यालयाच्या दारीं पोंचतो तेव्हां तेथील आकाश कदाचित् कोरडें असतें. ज्या समितीनें ओल्या कपड्यांस बंदी केली, तिच्या सात सभासदांपैकीं पांच जण मोटारीनें येतात. आम्ही त्या पांचांत आहों. वाईट हेतूनें आम्हीं कांहीं केलें नाहीं. आम्हांस ओलें होण्याचा विसर पडला होता, एवढेंच.

श्रावणांतील सभेंत आम्हीं तो ठराव मागें घेण्याची सूचना मांडली. ग्रंथपालांनीं विरोध केला, आणि तो योग्यच होता. भिजलेलें पुस्तक पुन्हां कोरडें होतें, पूर्ववत् होत नाहीं, हें त्यांच्याइतकें कोणास ठाऊक? अखेर असें ठरलें कीं, दुर्मिळ पुस्तकांचीं कपाटें आंतल्या खोलींत हलवावीं. दाराशीं छत्र्यांसाठीं खुंट्या व पाणी गळण्यास पत्र्याचें पन्हळ लावावें. आणि प्रवेशाच्या ओसरींत एक लांब बांक, दोन पंखे व पिशव्या टांगण्यास एक दांडी असावी. खर्च इतका थोडा आला कीं त्यासाठीं निराळी मंजुरी लागली नाहीं. गणेशचतुर्थीच्या आधीं बांक बसला. आतां सकाळीं आठच्या सुमारास तेथें चारपांच मुलें-मुली पंख्याखालीं पाय सोडून, मांडीवर पुस्तक घेऊन वाळत बसलेलीं असतात. वाचन तेथेंच सुरू होतें. गेल्या पावसाळ्याच्या उरलेल्या दिवसांत एकहि पुस्तक भिजल्याची तक्रार आली नाहीं.

त्या बांकाकडे जातां येतां आम्ही नजर टाकतों. गुडघ्यांपर्यंत भिजलेला, दुधाच्या पिशव्यांत वह्या बांधणारा तो मुलगा मात्र त्यानंतर आम्हांस दिसला नाहीं. त्या सकाळीं आम्हीं त्याचें नांव विचारलें नव्हतें.